मानेवरचे फोड आणि सुलटा हात

बुटीबोरीच्या एमआयडीसीत खाद्यपदार्थांच्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी नियम सांगितले. नखं कापलेली हवीत, अंगठी-घड्याळ-गंडादोरा चालणार नाही, आणि दाढी रोज केलेली हवी. या नियमाबद्दल माझी तेव्हाही तक्रार नव्हती, आजही नाही. लोकांच्या ताटात जाणाऱ्या वस्तूत केस पडू नये, एवढं सरळ कारण आहे. पण तोवर मी आठवड्यातून एकदा ट्रिमर फिरवणारा माणूस. रोजच्या घोटीव दाढीची माझ्या मानेला सवयच नव्हती.

मी पाच पात्यांचं रेझर आणलं. सकाळी सहाला, अंघोळीच्या आधी, कोरड्या खुंटांवर फेस थोपायचा, एका हातानं कातडी ताणायची, आधी वरून खाली आणि मग खालून वर. हात फिरवला की काचेसारखं लागायचं. तिसऱ्या आठवड्यात जबड्याखाली पहिले फोड दिसले. ज्वारीच्या दाण्याएवढे, टणक, काहींच्या टोकाला पिवळा ठिपका. कॉलर घासली की चुरचुरायचे. दोन महिन्यांत कानाखालून कंठापर्यंत दोन्ही बाजूंना रांगा लागल्या, आणि बसलेला प्रत्येक फोड मागं काळा डाग ठेवून जाऊ लागला.

आईचं म्हणणं, रक्त खराब झालंय. तिनं कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं अंघोळ करायला लावली. ते पाणी अंगाला बरं वाटायचं, फोड मात्र जागचे हलले नाहीत. मला वाटायचं, घाण राहते म्हणून होतंय. म्हणून मी साबणानं जास्त घासायचो आणि दाढी आणखी घोटून करायचो. रविवारी सलूनमध्ये जायचो तेव्हा तिथला पोरगा विचारायचा, "भाऊ, उलटा मारू का? एकदम साफ निघंल." मी मान वर करून हो म्हणायचो. मग तुरटी, मग लोशन. त्या लोशननं अशी आग व्हायची की डोळ्यांत पाणी यायचं, आणि आग झाली म्हणजे जंतू मेले, अशी माझी पक्की समजूत होती.

त्यात नागपूरचा उन्हाळा. मानेवाड्याहून बुटीबोरी गाडीनं तीसेक किलोमीटर. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात लू लागू नये म्हणून तोंडाला दुपट्टा गुंडाळायचा, त्यावर हेल्मेट, आणि हेल्मेटचा पट्टा बरोबर हनुवटीखाली, नुकत्याच खरवडलेल्या कातडीवर. आत घाम. कारखान्यात पोचून पट्टा सोडला की दुपट्ट्यावर रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे.

मग मी ती चूक केली जी आपल्याकडं फार लोक करतात. औषधाच्या दुकानात मान दाखवली आणि एक ट्यूब घेतली. चिठ्ठी नाही, विचारणं नाही. चार दिवसांत मान अशी निवळली की मी घरी सगळ्यांना दाखवत फिरलो. ट्यूब संपली, दुसरी आणली. सहा आठवड्यांनी कातडी लाल आणि पातळ दिसायला लागली, उन्हात गेलं की भाजल्यासारखं व्हायचं, आणि एक दिवस लावलं नाही तर फोड दुप्पट यायचे. ट्यूबवर बारीक अक्षरांत तीन औषधांची नावं होती. एक बुरशीचं, एक जंतूंचं आणि तिसरं क्लोबेटासोल. हे तिसरं किती जहाल स्टेरॉइड असतं आणि ते चेहऱ्याला का लावायचं नसतं, हे मला नंतर कळलं. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी अशी ट्यूब असेल आणि ती चेहऱ्याला लागत असेल, तर ती घेऊन आधी त्वचेच्या डॉक्टरकडं जा. फार दिवस लावली असेल तर मनानं एकदम बंदही करू नका. ती कशी थांबवायची हेही डॉक्टरलाच सांगू द्या.

मला दवाखान्यात धाडलं ते मामांनी. मामा फौजेतून निवृत्त झालेले, आता कामठीला राहतात. दिवाळीला आले, माझी मान पाहिली आणि म्हणाले, "तुह्या मानेले बी तेच झालं काय बे?" असं म्हणून त्यांनी स्वतःची हनुवटी वर केली. जबड्याच्या कडेनं गाठींची ओळ. लहानपणापासून मी ती पाहत आलो होतो, पण ती दाढीची असेल असं कधी मनात आलं नव्हतं. मामांचे केस कुरळे, माझे कुरळे. बाबांचे सरळ, आणि त्यांची मान आजही स्वच्छ. मामा म्हणाले, "मी तीस वर्सं उलटा हात मारला. तू नको मारू."

पुढच्या आठवड्यात सुट्टी टाकून सकाळीच मेडिकलला गेलो. नागपुरात मेडिकल म्हटलं की शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. त्वचारोगाच्या ओपीडीत रांग मोठी होती, पण आत गेल्यावर ज्या निवासी डॉक्टर मॅडम होत्या त्यांनी घाई केली नाही. आधी ट्यूब पाहिली आणि बाजूला ठेवली. मग मोबाइलला भिंग जोडून माझ्या जबड्याखाली धरलं, फोटो काढला आणि मोबाइल माझ्यासमोर केला.

तो फोटो मी विसरणार नाही. फोड म्हणून जे मी रोज पिळत होतो, त्याच्या मधोमध कातडीखाली एक काळा केस दिसत होता. एका भोकातून बाहेर आलेला, कमान करून वळलेला, आणि मिलिमीटर-दोन मिलिमीटर अंतरावर पुन्हा कातडीत घुसलेला. टोक तिरकं कापलेलं, इंजेक्शनच्या सुईसारखं.

"ही केसतोड नाही," मॅडम म्हणाल्या. "केसतोडीत केसाच्या मुळाशी जंतू शिरतात. तुमच्याकडं केसच शिरलाय. शरीर त्याला काटा समजून त्याच्याभोवती सूज आणतं." कार्डावर त्यांनी सूडोफॉलिक्युलायटिस बार्बी असं लिहिलं.

केस आत शिरण्याच्या दोन तऱ्हा त्यांनी सांगितल्या. एक फोटोत होती ती: कुरळा केस बाहेर येतो, वळतो आणि टोचतो. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटली, कारण तिला माझा हात कारण होता. जास्त पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केस पकडून थोडा ओढतं, मागचं पातं तो ओढलेल्या अवस्थेत कापतं. कापलेला केस सुटतो आणि कातडीच्या आत मागं सरकतो. त्यात मी कातडी ताणायचो, म्हणजे तो आणखी खोल जायचा. वरून उलटा हात. आता त्या केसाला वाढताना बाहेर यायचं तर आधी कातडीतल्या त्याच्या नळीतून वर यायचं असतं. सरळ केस सरळ वर येतो. कुरळा केस आतल्या आत बाजूला वळतो आणि त्या नळीच्या भिंतीतच घुसतो. जी काचेसारखी गुळगुळीत मान मी कौतुकानं चाचपायचो, तोच माझा आजार होता.

आफ्रिकी वंशाच्या लोकांत हा त्रास फार, आणि अमेरिकेच्या सैन्यात रोज दाढी सक्तीची असल्यानं तिथल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या निमित्तानं यावर बराच अभ्यास झाला आहे. आपल्याकडं कुरळ्या, जाड केसांच्या माणसाला हाच त्रास होतो, पण आपण त्याला उष्णता म्हणतो, रक्तदोष म्हणतो, आणि त्याच वस्तऱ्यानं पुन्हा घोटतो.

पहिला उपचार म्हणजे चार आठवडे पातं बंद. मी म्हटलं, नोकरी? त्यांनी कंपनीसाठी चिठ्ठी दिली, त्यात दाढीची जाळी वापरून काम करता येईल असं लिहिलं. कंपनीत ती मान्य झाली. हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्यासारखे अनेक जण विचारायलाच घाबरतात. डोक्याला जाळी असते तशीच दाढीला असते, आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत ती नवीन गोष्ट नाही.

ते चार आठवडे सोपे गेले नाहीत. पहिल्या आठ-दहा दिवसांत फोड उलट वाढले. मॅडमनी हे आधी सांगितलं नसतं, तर मी नक्की पुन्हा रेझर उचललं असतं. जे केस आधीच वळलेले असतात ते वाढतात तेव्हा आणखी आत जातात. दुसऱ्या आठवड्यात खाज इतकी की रात्री झोपेत नखं लागायची. पण दाढीचा केस दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढतो. महिन्यात सेंटिमीटरभर झाला की त्याची कमान ताणली जाते आणि टोक आपोआप बाहेर उसळतं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी आरशात पाहिलं तर जिथं गाठ होती तिथं सपाट कातडी आणि तिच्यातून निघालेला एक लांब, वाकडा केस. त्या दिवशी पहिल्यांदा विश्वास बसला.

रोज रात्री कोमट पाण्यात पिळलेला मऊ रुमाल मानेवर पाच मिनिटं ठेवायचो, मग त्याच रुमालानं हलक्या हातानं गोल-गोल फिरवायचं, म्हणजे अडकलेली टोकं सैल होतात. जी कमान डोळ्यांना स्पष्ट दिसते, तिच्याखाली स्पिरिटनं पुसलेली सुई आडवी सरकवून टोक फक्त वर उचलायचं. उपटायचं नाही. हे पाळणं मला सगळ्यात जड गेलं, कारण वर आलेला केस चिमट्यानं ओढून काढावा असं हाताला वाटतंच. पण उपटला की नवा केस खालून पुन्हा तोच प्रवास करतो, आणि पुन्हा टोचतो. जो केस दिसत नाही त्याच्यासाठी कातडी उकरायची नाही, हेही तितकंच खरं. माझ्या मानेवरचे दोन खड्डे उकरण्याचेच आहेत.

औषधं म्हणाल तर स्टेरॉइडची कातडी थोडी सावरल्यावर त्यांनी रात्री ॲडापलीन ०.१ टक्के दिलं, वाटाण्याएवढं, आणि सुरुवातीला एक दिवसाआड. सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश. तो टॉवेलचा रंग उडवतो, म्हणून पांढरा टॉवेल वेगळा ठेवला. दिवसा सनस्क्रीन. हे माझ्या कातडीपुरतं होतं. तुमचं तुमच्या डॉक्टरला ठरवू द्या.

आता दाढी. महिना संपल्यावर परत गेलो तेव्हा मॅडमनी विचारलं, "तुमच्या मानेवर केस कुठल्या दिशेनं उगवतात?" मी म्हटलं, वरून खाली. त्या म्हणाल्या, घरी जाऊन बघा.

दोन दिवसांचे खुंट असताना मी खिडकीच्या उजेडात आरसा धरून बसलो. कापसाचा एक बोळा घेतला आणि मानेवरून अलगद ओढला. कापूस जिकडं सरकतो ती सुलटी दिशा, जिकडं अडकून तंतू सोडतो ती उलटी. कागदावर मानेचं चित्र काढून बाण मारत गेलो. गालावर बाण खाली. जबड्याच्या कडेला तिरके, कानाकडं. आणि कंठाच्या दोन्ही बाजूंना, कॉलरच्या वर, बाण चक्क वर जात होते. डाव्या बाजूला तर वरचे आणि खालचे केस जिथं भेटतात तिथं एक भोवरा होता, डोक्यावर असतो तसा. मी ज्याला सुलटा हात समजत होतो, तो मानेच्या खालच्या अर्ध्या भागात उलटा होता. फोडांची सर्वांत दाट रांग नेमकी त्या भोवऱ्याच्या कडेनं होती. तो कागद अजून बाथरूमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

पाण्याचाही एक भाग होता. आमच्या लेआउटमध्ये बोअरचं पाणी, इतकं जड की फेस धरत नाही, कातडीवर पांढरी साय राहते. आता दाढीपुरतं नळाचं पाणी वेगळ्या बादलीत भरून ठेवतो. गरम पाण्याच्या अंघोळीनंतर दाढी करतो, आधी नाही. ओला केस फुगतो आणि मऊ पडतो, त्याला दोन-तीन मिनिटं तरी लागतात, आणि मऊ केस कापला की त्याचं टोक तितकं धारदार राहत नाही. इथं मला बाबा आठवले. ते ब्रशनं फेस करून तोंडाला लावायचे आणि तसेच बाहेर येऊन पेपरचं पहिलं पान वाचायचे. आम्ही भावंडं त्यांना हाका मारायचो की दाढी अर्धवट सोडून काय वाचता. ते अर्धवट नव्हतं. ती तयारी होती.

रेझरही त्यांचंच वापरतो, दोन कडांच्या एका पात्याचं. पातं स्वस्त, म्हणून चार दाढ्या झाल्या की बदलतो. दाबत नाही, रेझरचं वजनच पुरतं. कातडी ताणत नाही. नकाशातल्या बाणांप्रमाणे एकदाच हात, आणि भोवऱ्यावर अगदी छोटे-छोटे. दुसरा हात मारायचा मोह होतो, कारण बोटाला खुंट लागतात. ते लागायलाच हवेत. मग थंड पाणी, टॉवेलनं न घासता टिपणं, आणि वासाशिवायचं साधं मॉइश्चरायझर. स्पिरिटवालं लोशन फेकून दिलं.

हे एक दिवसाआड. मधल्या दिवशी कंगवा न लावता ट्रिमर, त्यानं अर्धा मिलिमीटर केस उरतो. पाच हात अंतरावरून तो कुणाला दिसत नाही आणि कातडीच्या आत मागं सरकावा इतका तो आखूड नसतो. कारखान्यातल्या तपासणीत एकदाही अडलं नाही. सगळं रात्री करतो. सकाळच्या ताज्या दाढीवर हेल्मेटचा पट्टा आणि घाम, हे मी बंद केलं. दुपट्टा आता सुती, मऊ, आणि रोज धुतलेला.

तुरटीबद्दल विचारतात लोक. तुरटी कातडी आवळते, बारीक रक्त थांबवते, तेवढं तिचं काम खरं आहे. पण आत वळलेल्या केसाला ती बाहेर काढू शकत नाही, आणि सलूनमधला एकच खडा दिवसभर सगळ्यांच्या मानेवरून फिरत असेल तर तो नको म्हणा. पातं समोर नवं उघडायला लावा. रक्तातून पसरणारी कावीळ आणि एचआयव्ही यांसाठी ही खबरदारी घ्यावीच लागते, फोड असोत की नसोत.

लेझरचंही मॅडमनी सांगितलं होतं. आपल्या सावळ्या कातडीसाठी १०६४ नॅनोमीटरचं एनडी याग लेझर वापरतात, पुष्कळ खेपा लागतात, केस बारीक आणि विरळ होतात. मला गरज पडली नाही. ज्यांना हे सगळं करूनही रोजची दाढी सुटत नाही आणि फोडही सुटत नाहीत, त्यांनी तो विचार जरूर करावा.

सव्वा वर्ष झालं. नवा फोड महिन्यातून एखादा येतो, आणि तो आला की मला आठवतं, त्या दिवशी कुठं घाई केली होती. काळे डाग बरेच फिकट झाले, डाव्या जबड्याखालचे तीन अजून आहेत.

मामांना घेऊन मी गेल्या उन्हाळ्यात त्याच ओपीडीत गेलो. त्यांच्या गाठींना हात लावून मॅडम थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, यांत आता केस नाहीत, हे व्रण आहेत, पातं बंद केल्यानं ते जाणार नाहीत. दोन मोठ्या गाठी दुखायच्या, त्यांत दर महिन्याला इंजेक्शन द्यायचं ठरलं, जेणेकरून त्या थोड्या बसतील. मामांनी विचारलं, "वीस वर्सांआधी आलो असतो तं?" मॅडमनी खरं तेच उत्तर दिलं.

दुसऱ्या खेपेला रांगेत आमच्या पुढं एक पोरगा होता, वीस-बावीसचा, कुरळ्या केसांचा, मानेला रुमाल गुंडाळलेला. खाजवायला त्यानं रुमाल खाली केला आणि जबड्याखालची रांग दिसली. मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबू, उलटा हात मारते काय रे तू?" तो वळला. मामांनी स्वतःची हनुवटी वर केली आणि त्याचं बोट धरून त्या गाठींवरून फिरवलं.